मावशीच्या मृत्युलेखातला तिसरा परिच्छेद

३ मार्च

प्रिय मावशी,

तुझ्या लेखाचं प्रूफ सोबत पाठवतो आहे. 'लेखक आणि इमान' या आमच्या विशेष पुरवणीत तो पहिल्या पानावर घ्यायचं नक्की झालंय. बाकीच्या लेखकांनी विश्वास, प्रामाणिकपणा, दगाफटका या विषयांवर जे खरडून पाठवलंय ते वाचताना पुरवणीच्या संपादकालाच, म्हणजे मलाच, पेंग आली. एकाने तर विश्वास म्हणजे काय हे सरळ शब्दकोशातून उतरवून काढलंय. तुझा लेख आला आणि कचेरीतली माणसं खुर्च्या सरसावून बसली. 'लेखकाने खोटं बोलावं ते कागदाशी, माणसांशी नाही' हे तुझं वाक्य मी चौकटीत टाकणार आहे.

एकच विनंती. पुरस्कार समितीतल्या लोकांना तू 'शेळपट' म्हटलं आहेस. त्यातले एक आमच्या मालकांचे व्याही आहेत. जरा सौम्य शब्द सुचतोय का बघ.

प्रूफ शुक्रवारपर्यंत परत आलं तर बरं. पाकिटावरचा पत्ता आईने लिहिलाय, माझं अक्षर पोस्टमनला लागत नाही. तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून हा पत्रांचा उद्योग, पण खरं सांगायचं तर मला तो आवडतो. रविवारी नेहमीसारखा येतोच आहे. येताना कानाच्या मशीनचे सेल आणतो. तू बोलत राहा, मी ऐकत बसतो. आठवड्यातला तेवढाच वेळ मला माणसांत आल्यासारखं वाटतं.

तुझा लाडका
भाचा


५ मार्च

भाचेबुवा,

प्रूफ मिळालं. वाचलं. तपासलं. फक्त ते माझ्या लेखाचं नाही, माझ्या मरणाचं आहे.

पाकिटातून छापील कागद निघाले, वर ठळक अक्षरांत 'ज्येष्ठ कथाकार यांचे निधन', आणि तारखेच्या जागी रिकामी रेघ. मी तेव्हा ओट्यापाशी उभी राहून चहा गाळत होते. खुर्ची ओढून बसले, दोन घोट घेतले. चहा नेहमीइतकाच वाईट झाला होता, म्हणजे मी होते.

नाव असलेली माणसं अडनिड्या वेळी मरतात, म्हणून वर्तमानपत्रवाले त्यांचे मृत्युलेख आधीच लिहून ठेवतात, हे मला ठाऊक आहे. मीही असे लिहून दिलेत. त्यातले दोघे अजून व्यासपीठावर बसून नाकाने कांदे सोलतात. त्यामुळे तू लिहिलंस याचा मला राग नाही. वाईट लिहिलंस याचा आहे.

'शब्दांची राणी' काढून टाकलंय, ती पत्त्यांच्या डावातली वाटते. 'त्यांच्या जाण्याने न भरून येणारी पोकळी' हे तू गेल्या वर्षी त्या विनोदी लेखकाला वापरलंस आणि त्याआधी एका बिल्डरला. तुमच्याकडे पोकळी एकाच मापाची मिळते का? 'अखेरच्या काळात त्यांच्या भाच्याने त्यांची सेवा केली' हे वाचून ज्ञानात भर पडली. आठवड्यातून एकदा येऊन बिस्किटांचा पुडा संपवून जाण्याला सेवा म्हणतात तर. 'मायाळू' या शब्दाभोवती गोल काढून समासात प्रश्नचिन्ह टाकलंय.

आता तिसरा परिच्छेद. तो मी दोनदा वाचला, कारण एकदा वाचून विश्वास बसला नाही. तूच लिहिलेला तुलाच उतरवून देते:

'त्यांच्या सर्वांत गाजलेल्या कादंबरीतला अबोल डॉक्टर कोण, हे कोडं वाचकांना कायम पडलं. त्याचं उत्तर त्यांनी प्रस्तुत लेखकाला विश्वासात घेऊन सांगितलं होतं. तो डॉक्टर म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीचे पती, दंतवैद्य. एका हिवाळ्यात दाढेच्या उपचारासाठी त्या त्यांच्या दवाखान्यात जात. घरी कोणाशी चार शब्द न बोलणारा तो माणूस त्या खुर्चीपाशी तासन्‌तास बोलत असे, आणि त्या तोंडात कापूस धरून ऐकत असत. ते प्रेम होतं.'

प्रस्तुत लेखक म्हणजे तू. दंतवैद्य म्हणजे तुझा सख्खा बाप, जो आता उत्तर द्यायला नाही. थोरली बहीण म्हणजे तुझी आई, जी रोज तुझ्यासमोर जेवायला बसते आणि तुला वाढते. केसाने गळा कापणारे मी आयुष्यात पुष्कळ पाहिले, अर्धेअधिक तर आमच्याच धंद्यातले. पण कापता कापता 'मायाळू' म्हणणारा तूच पहिला.

तो परिच्छेद काढ. आजच. रविवारी येऊ नकोस, सेल मी खालच्या दुकानातून आणवीन. समितीसाठी 'शेळपट'पेक्षा सौम्य शब्द सुचला नाही. तुझ्यासाठीही तोच ठेवते आहे.

तारखेची जागा अजून रिकामी असलेली
मावशी


८ मार्च

मावशी,

झालं ते असं. तुझा मृत्युलेख मी दर वर्षी ताजा करतो, म्हणून तो घरी आणला होता. तुझं प्रूफ आणि तो लेख, दोन्ही जेवणाच्या टेबलावर होते, शेजारी दोन पाकिटं, एक तुझं आणि एक कचेरीचं. आईने पत्ते घातले, भरता भरता अदलाबदल झाली. तिने आत डोकावलं असेल ही भीती नको. ती माझं लिहिलेलं वाचत नाही. कंटाळवाणं असतं असं तोंडावर सांगते.

पण मावशी, इमानाच्या गोष्टी तू सांगाव्यास? आजोबांना माणसं ओळखू येईनात, ते तुझ्या कथेत आलं, आजोबा जिवंत असताना. मामाचं लग्न मोडलं, ते तू मासिकात छापलंस आणि त्याला तो अंक सही करून भेट दिलास. मी मोठा होईपर्यंत अंथरूण ओलं करायचो, ते तर पाठ्यपुस्तकात गेलं. शाळा सुटेपर्यंत पोरं मला त्या धड्याच्या नावाने हाक मारायची. तेव्हा कोणाला विचारलं होतंस? तू केलं की साहित्य आणि मी केलं की दगा, हा कुठला न्याय?

आणि नुकसान कोणाचं आहे? लेख छापला जाणार तू गेल्यावर. आई तुझ्यापेक्षा मोठी, त्यात तिचं रक्तदाबाचं सतत काहीतरी चालू असतं. म्हणजे क्रमाने पाहिलं तर तो तिच्या हाती पडायचा प्रश्नच येत नाही.

तो परिच्छेद काढला तर उरतं काय? तुझ्या पुस्तकांची यादी. ती कोण वाचणार? मी तुला लोकांच्या लक्षात ठेवायला बघतोय, आणि तू मला शेळपट म्हणतेस. शिवाय सांगताना तुझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. आता अंगाशी आलं म्हणून मागे फिरू नकोस.

भाचा


१० मार्च

भाचेबुवा,

'क्रमाने पाहिलं तर.' आईच्या मरणाचा क्रम लावून बसलेला मुलगा मी कथेत घातला असता तर संपादकाने अतिशयोक्ती म्हणून परत पाठवला असता. तू तो दोन ओळींत फुकट दिलास.

पाठ्यपुस्तकाचं म्हणशील तर ती कथा चांगली होती. अंथरूण तुझं असेल, वाक्यं माझी होती. आणि मी कोणाच्या घरी प्रेमाने बसून, त्याची बिस्किटं खाऊन, त्याचं बोलणं चोरून आणलं नाही. मी जे घेतलं ते सगळ्यांच्या देखत घेतलं, आणि शिव्याही सगळ्यांच्या देखत खाल्ल्या.

आता नीट वाच. ते सगळं मी तुला खोटं सांगितलं.

पहिले काही रविवार मला वाटलं, पोरगं मायेने येतंय. एकटी राहणारी म्हातारी किती लवकर फसते ते लिहून घे, मृत्युलेखात घालायला बरं पडेल. मग माझ्या लक्षात आलं. मी एखाद्या वाक्यावर वर्षभर कशी अडून बसले ते सांगायला लागले की तू पंख्याकडे बघायचास. कोणाचं कोणाशी होतं हे सांगायला लागले की तू उठून बाथरूममध्ये जायचास. मला वाटलं मूत्राशयाचं काहीतरी आहे, डॉक्टरला दाखव म्हणून मागेही लागले. एकदा तुझं पेन बेसिनवर राहिलं, तेव्हा दुखणं कळलं.

मग म्हटलं, पाहुणा जे न्यायला आलाय ते देऊ. चोर येणार हे कळल्यावर माणूस कपाटात खोटे दागिने ठेवतो, तसं. त्या दिवशी माझी दाढ ठणकत होती, म्हणून दंतवैद्य आठवला, म्हणून तुझा बाप. इतकं साधं आहे. डोळ्यांतलं पाणी त्या दाढेचं. कादंबरीतला अबोल डॉक्टर मी एका औषधाच्या दुकानातल्या कॅलेंडरवरून घेतला होता. त्याच्यावर माझं कधीच प्रेम नव्हतं, नुसता चेहरा बरा होता.

तुला बनवलं याचा मला खेद नाही. तू त्यासाठीच आला होतास. पण तुझ्या आईचं नाव त्या कागदावर राहता कामा नये. परिच्छेद खोड आणि खोडलेला कागद मला पाठव. नाहीतर तुमच्या मालकांना पत्र लिहीन, आणि मी पत्रं कशी लिहिते हे तुला कळलंच आहे.

मावशी


१४ मार्च

धाकटे,

पाकिटात अदलाबदल झालेली नाही. मी शाळा चालवलेली बाई आहे, कुठला कागद कुठल्या पाकिटात जातो ते मला कळतं. तो लेख मी वाचून, घडी घालून, तुझ्या पाकिटात घातला.

मुलाची समजूत आहे की मी त्याचं काही वाचत नाही. मी सगळं वाचते. तो कागद जेवणाच्या टेबलावर पसरून झोपायला जातो, आवरायला मीच असते. वाचते आणि कंटाळवाणं म्हणते, कारण ते तसंच असतं. हा एक लेख तसा नव्हता. तिसरा परिच्छेद मी थंडीतच वाचला होता.

तेव्हापासून वाट बघत होते, तू आपणहून काही बोलतेस का. माझ्या वाढदिवसाला तू आलीस. माझ्या चहाला नावं ठेवलीस, पुरस्कार समितीला नावं ठेवलीस, शेजारणीच्या पडद्यांना नावं ठेवलीस आणि गेलीस. म्हणून पाकीट पाठवलं. तुमची पत्रापत्री कशी चालली आहे ते मुलाचा चेहरा बघून कळतंय. तो सध्या माझ्याशी फार गोड बोलतो.

मी रागावून लिहीत नाही. मी रागावले की काय करते ते तू लहानपणापासून पाहिलं आहेस. तशी रागावले असते तर पत्र न येता मी आले असते.

एवढंच विचारायचं आहे, ते खरं आहे का. हो किंवा नाही. वाक्यं नकोत. तुम्हा दोघांच्या वाक्यांचा मला वीट आलाय. ज्याच्याबद्दल लिहायचं तो माणूस घरातल्या सामानासारखा एका जागी बसून राहणार, असं तुम्ही लिहिणारे लोक धरून चालता. मी बसून राहिलेली नाही. मला उत्तर पाहिजे.

ताई


१६ मार्च

ताई,

नाही.

एक शब्द मागितलास, तो वर दिला. आता वाक्यं, कारण माझ्याकडे दुसरं काही नसतं.

तुझा मुलगा माझ्याकडे रविवारी यायचा तो माझ्यासाठी नाही, माझ्या लफड्यांसाठी. माझ्याकडे ती पुरेशी नव्हती, म्हणून एक बनवून दिलं. भावोजींचं नाव तोंडात आलं ते दाढ दुखत होती म्हणून. दुसऱ्या दिवशी विसरूनही गेले. तो ते जपून ठेवेल, टाइप करेल आणि तुझ्या टेबलावर पसरेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. तू ते वाचून महिनोन्‌महिने एकटी बसलीस हे कळल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. वाढदिवसाच्या दिवशी मी पडद्यांवर बोलत बसले आणि तू माझ्याकडे बघत होतीस, तो चेहरा आता मला कळतोय.

खरं काय ते सांगते. त्या हिवाळ्यात मी भावोजींच्या दवाखान्यात जात होते, एवढं खरं आहे. त्यांनी मला सगळे मिळून दोनच शब्द सांगितले, 'आ कर' आणि 'चूळ भर'. तेही मला नाही, दाढेला. काम झालं की भिंतीकडे तोंड करून हात धुवायचे आणि दार उघडून उभे राहायचे, मी निघेपर्यंत. कशी आहेस हे त्यांनी मला विचारल्याचं आठवत नाही, आणि तुझ्याबद्दल तर चकार शब्द नाही.

तुला राग येईल, पण आज येऊच दे. मला तो माणूस सुट्टीच्या दिवशीच्या दवाखान्यासारखा वाटायचा. बाहेर पाटी, आत कोणी नाही. तू त्या बंद दाराशी आयुष्य काढलंस याची मला तुझ्यापेक्षा जास्त चीड होती, म्हणूनच त्यांचं नाव इतकं सहज वापरलं गेलं असेल. तेव्हा मनातलं सगळं काढून टाक. तुझं कोणी काही नेलं नाही. नेण्यासारखं तिथे काही नव्हतंच.

मी तुझी माफी मागते. आजवर कोणाची मागितलेली नाही, त्यामुळे नीट जमली नसेल तर सांभाळून घे. परिच्छेद तो खोडेल, मी त्याला दम दिलाय.

तुझी
धाकटी


२२ मार्च

धाकटे,

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र रोज काढून वाचत होते, कुठे काही वेगळं निघतंय का बघायला. निघालं नाही.

ह्यांच्याबरोबर मी संसार केला तो सगळा गप्प. 'मीठ कमी आहे.' 'दिवा घालव.' 'कोणी आलं होतं का.' मी शाळेत दिवसभर बोलून घसा बसवून घ्यायची आणि घरी येऊन भिंतीशी बोलायची. पहिली काही वर्षं वाटलं, स्वभाव असेल. मग वाटायला लागलं की माझ्यातच काहीतरी आहे, ज्याच्यापुढे माणसाची वाचा बसते. हे गेले तेव्हाही माझ्या मनात तेच होतं. लोक भेटायला आले, ह्यांच्याबद्दल चांगलं बोलले, मी सगळ्यांना चहा केला. माझ्याकडे सांगण्यासारखी ह्यांची एक गोष्ट नव्हती.

थंडीत तो परिच्छेद वाचला. तुझा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. तुला शिव्या दिल्या, त्या तुझ्या एकाही पुस्तकात नाहीत. मग हळूहळू एक गोष्ट मनात यायला लागली. म्हणजे हे बोलत होते. तासन्‌तास बोलत होते. आत काहीतरी होतं. ते माझ्या वाट्याला आलं नाही, चोरीला गेलं, पण चोरी होते ती भरल्या घरात. मी रिकाम्या घराशी लग्न केलं नव्हतं, आणि माझ्यात काही खोट नव्हती. त्या दिवशी मी तुझा फोटो परत सुलटा केला. खूप वर्षांनी गाढ झोपले.

तुला तेव्हाच माफ केलं होतं, धाकटे. मला फक्त तुझ्या तोंडून 'हो' ऐकायचं होतं. आणि मग विचारायचं होतं, काय बोलायचे ग हे?

तू 'नाही' लिहिलंस. वर माझी समजूत घातलीस, की नेण्यासारखं काही नव्हतंच. 'लेखकाने खोटं बोलावं ते कागदाशी, माणसांशी नाही' म्हणे. तुझं ते प्रूफही मी वाचलंय. माझ्याशी खरं बोललीस म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतली असशील. नवरा नेणारी बहीण मला चालली असती. नवरा नव्हताच असं सांगणारी चालत नाही.

तेव्हा मुख्याध्यापिका म्हणून सांगते, नीट ऐक. तुझं सोळा तारखेचं पत्र मला मिळालेलं नाही. पोस्टात गहाळ झालं. तसं दुसरं पाठवलंस तर तेही गहाळ होईल आणि त्यानंतर मी तुझी कोणी नाही. काल टेबलावर त्या लेखाची कचेरीतून आणलेली नवी प्रत पाहिली. तिसऱ्या परिच्छेदावर पेन्सिलीने बारीक रेघ मारलेली आहे. तुझ्या दमाचा परिणाम दिसतोय.

ताई


२४ मार्च

भाचेबुवा,

तिसऱ्या परिच्छेदावरची रेघ पुसून टाक. मला कसं कळलं ते विचारू नकोस. तू धीट माणूस नाहीस, रेघ मारणार ती पेन्सिलीनेच, एवढं मला कळतं.

दहा तारखेला मी तुला लिहिलं ते खोटं होतं. आधी सांगितलं तेच खरं. उघडी पडलेली बाई आधी नाही म्हणते, मग कॅलेंडर, दाढ, असलं काहीतरी पुढे करते, आणि तू ते मुकाट्याने गिळलंस. एवढी वर्षं पुरवणी चालवून माणूस ओळखता येऊ नये याचं मला नवल वाटत नाही. माझ्या डोळ्यांत पाणी पाहिलंस ते बरोबर पाहिलंस. आयुष्यात तुला एकदा बरोबर दिसलं, आणि तेवढ्यात मी दटावलं म्हणून तू खोडायला बसलास.

आता तुला वाटेल, आपण जिंकलो. वाटू दे. चार दिवस कचेरीत टेंभा मिरव.

माझा इमानावरचा लेख पुरवणीतून काढून घे. त्यात एक वाक्य चुकलंय आणि बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे. चौकटीत टाकायला तुला दुसऱ्या कोणाचं तरी शहाणपण मिळेल, शब्दकोशवाल्याचं घे. व्याही खूश होतील.

रविवारी ये. वही आण, आणि बाथरूममध्ये जाऊन लिहिण्याची सोंगं बंद कर. समोर बस आणि मी सांगेन ते शब्दाला शब्द उतरवून घे. मृत्युलेखात तू एक घोडचूक केली आहेस. दवाखान्यात प्रेम होतं हे खरं, पण ते माझ्यावरचं होतं हे तुला कोणी सांगितलं? तुझ्यासारख्याला दुसरं सुचणार तरी काय. माणूस एका बाईची दाढ कोरता कोरता दुसऱ्या बाईबद्दल बोलत असेल, घरी जिच्यासमोर त्याला तोंड उघडता येत नव्हतं तिच्याबद्दल, हे तुझ्या डोक्यात येणं शक्यच नाही. भावोजी काय काय बोलायचे ते सगळं माझ्या लक्षात आहे. एका रविवारात संपणार नाही, पुष्कळ रविवार लागतील.

लिहून झालं की कागद घरी ने आणि नेहमीसारखे जेवणाच्या टेबलावर पसरून झोपायला जा. अक्षर मात्र नीट काढ.

मावशी